बुबुळाचा सीटीसी

पावसात टू-व्हीलर चालवणाऱ्या चष्मेवाल्यांना एखादं शौर्यपदक द्यायला हवं. काचेवर बाहेरून पाऊस, आतून वाफ, समोरून येणाऱ्या प्रत्येक हेडलाइटची फुटलेली दिवाळी आणि पुसायला हात मोकळा नाही. गेल्या जुलैत कर्वे रोडला अशीच अंदाजपंचे गाडी हाकत असताना मी पुढच्या रिक्षाला भरपूर हॉर्न दिले. दोन मिनिटांनी कळलं, रिक्षा पार्क केलेली होती. आत कुणीच नव्हतं.

त्या रात्री भिजलेला दुपट्टा वाळत घालताना मी रूमीला म्हटलं, "बास. यंदाचा बोनस डोळ्यांवर."

रूमी म्हणजे माझी रूममेट. एक फ्लॅट, एक ऑफिस, एकच कँटीनचा डबा आणि दोघींनाही चष्मा. तिचा मायनस चार, माझा मायनस साडेसहा, सातवीपासून. साताऱ्याला आईला फोनवर बातमी दिली तर तिला कोण आनंद! बायोडेटातला 'चष्मा : आहे' हा रकाना तिला गेली तीन वर्षं टोचत होता. "कर हो बाळा. पण लेसर म्हणजे जाळतात ना गं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. लेसर म्हटलं की माझ्याही डोळ्यांसमोर 'गोल्डफिंगर'मधला टेबलाला बांधलेला जेम्स बाँडच येतो, पायांच्या मधून सरकत येणारी ती लाल रेघ! मी मिक्सरचंसुद्धा माहितीपत्रक वाचल्याशिवाय प्लग लावत नाही. डोळे तर दोनच आहेत. म्हणून बसले वाचायला. आणि मंडळी, जे सापडलं ते कुठल्याही बाँडपटापेक्षा भारी निघालं.

आधी कॉर्निया. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, घड्याळावरच्या काचेसारखा. आपल्याला वाटतं प्रकाश वळवण्याचं काम आतलं भिंग करतं. प्रत्यक्षात त्यातलं दोन तृतीयांश काम हा पडदाच करतो. मायनस नंबरवाल्यांच्या डोळ्यात चित्र पडद्यावर पडण्याच्या थोडं आधीच जुळून येतं, म्हणून लांबचं सगळं पुसट. चष्मा हा उपाय नाकावर ठेवतो. लेसर तोच उपाय कॉर्नियावर कोरतो : मधला भाग अगदी किंचित सपाट करतो, की चित्र बरोबर मागे जाऊन पडतं. किंचित म्हणजे किती? केसाच्या जाडीएवढं. कधी त्याहूनही कमी.

पण केसाच्या जाडीएवढं जिवंत डोळ्यावरून काढायचं, तेही न भाजता, कसं? याचं उत्तर डोळ्यांच्या दवाखान्यात सापडलेलंच नाही. ते सापडलं उरलेल्या जेवणात.

न्यूयॉर्कजवळ यॉर्कटाउन हाइट्सला आयबीएमची संशोधन प्रयोगशाळा आहे. तिथे रंगस्वामी श्रीनिवासन नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते, १९२९ साली मद्रासमध्ये जन्मलेले, मद्रास विद्यापीठात शिकलेले. प्लास्टिकसारख्या पदार्थांवर अतिनील प्रकाशाने नक्षी कशी कोरायची, हा त्यांचा विषय. डोळ्यांशी काडीचा संबंध नाही. त्यांना आणि जेम्स विन, सॅम्युएल ब्लम या सहकाऱ्यांना प्रश्न पडला : हा लेसर प्लास्टिक इतकं स्वच्छ कापतो, तर सजीवांच्या शरीरातलं काही कापेल का? २६ नोव्हेंबर १९८१ ला अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा सण होता. घरोघरी टर्की पक्षी शिजतो आणि आपल्याकडे दिवाळीनंतर चिवडा उरतो तसा तो उरतोच. दुसऱ्या दिवशी श्रीनिवासनांनी उरलेली टर्की प्रयोगशाळेत नेली आणि तिच्या कूर्चेवर लेसर चालवला. छेद इतका स्वच्छ, की कडेला भाजल्याची खूण नाही. तुलनेसाठी हिरव्या लेसरनेही छेद घेतला गेला. तो काळवंडला.

म्हणजे आईच्या प्रश्नाचं उत्तर त्या टर्कीने १९८१ मध्येच दिलेलं होतं : जाळत नाहीत.

का नाही, तेही ऐका. आर्गॉन हा खानदानी वायू, कुणाशीच सोयरीक करत नाही. फ्लोरिन याच्या उलट, दिसेल त्याला चिकटणारा. दोघांना एकत्र कोंडून विजेचा जबर झटका दिला की क्षणभर त्यांचं जमतं, आणि काही नॅनोसेकंदांत फारकत होते. त्या फारकतीत बाहेर पडतो तो १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश. याला म्हणतात एक्सायमर लेसर. त्याचा एकेक फोटॉन इतका तगडा असतो, की कॉर्नियातले रेणू ज्या बंधांनी बांधलेले असतात ते बंधच तो तोडतो. तापवणं नाही, वितळवणं नाही. सुटे झालेले तुकडे उडून जातात आणि जाताना उष्णताही सोबत नेतात. एका ठोक्याला साधारण पाव मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. शिवाय हा प्रकाश वरच्या वर शोषला जातो, आत भिंगापर्यंत किंवा मागच्या पडद्यापर्यंत पोचतच नाही. खुरपणी करावी तशी वरवरची, पण मापात.

(जाता जाता : याच १९३ नॅनोमीटरच्या प्रकाशाने चिपवरची नक्षीही छापतात. म्हणजे ज्या फोनमध्ये आपण दिवसभर डोळे खुपसून बसतो, तो आणि डोळ्यांचं हे ऑपरेशन ही सख्खी नसली तरी चुलत भावंडं.)

१९८३ मध्ये कोलंबिया विद्यापीठातले नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रॉकेल श्रीनिवासनांना येऊन मिळाले आणि गाडी कॉर्नियावर आली. मग प्राण्यांचे डोळे, मग दृष्टी गेलेले डोळे. पण दिसणाऱ्या डोळ्यावर पहिल्यांदा कोण करून घेणार? १९८८ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानात डॉ. मार्गरिट मॅक्डोनल्ड यांच्याकडे एक बाई होत्या. कर्करोगामुळे त्यांचा एक डोळा काढावाच लागणार होता. डोळा चांगला दिसणारा होता. काढायच्या आधी त्याच्यावर करून बघा, असं त्या स्वतः म्हणाल्या. त्यांना चष्मा सुटण्याचा काहीच उपयोग नव्हता. हे वाचल्यावर मी लॅपटॉप मिटला आणि उगाचच किचनमध्ये जाऊन चहा केला.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९५ मध्ये या लेसरला नंबर घालवण्यासाठी परवानगी दिली. टर्कीवाल्या तिघांना २०१३ च्या फेब्रुवारीत अध्यक्ष ओबामांच्या हस्ते राष्ट्रीय पदक मिळालं.

तर हा झाला कोरणारा लेसर. दुसरा भाग म्हणजे झाकण. सुरुवातीच्या पद्धतीत कॉर्नियाची वरची नाजूक त्वचा खरवडून थेट कोरायचे. पीआरके म्हणतात तिला, आजही करतात. उत्तम चालते, पण त्वचा परत येईपर्यंत तीन-चार दिवस डोळ्यात मिरची गेल्यासारखं. मग १९९० च्या सुमारास ग्रीसमधल्या क्रीट बेटावरच्या इओआनिस पालिकारिस यांनी कॉर्नियाचा वरचा पातळ थर पुस्तकाच्या पानासारखा एका बाजूने जोडलेला ठेवून उचलायचा, आत कोरायचं आणि पान परत मिटायचं, असं केलं. तेच लॅसिक. पान उचलायची कल्पना मात्र त्याहून जुनी. कोलंबियात, म्हणजे बोगोटामध्ये, होसे बाराकेर नावाच्या डॉक्टरांनी कॉर्नियाची चकती कापून, गोठवून, चक्क लेथवर घासून परत डोळ्यावर शिवली होती. लेथवर! हे वाचताना माझे डोळे आपोआप मिटले.

ते पान पूर्वी पात्याने कापायचे. आता बहुतेक ठिकाणी त्यासाठीही लेसर असतो, फेम्टोसेकंद. एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग, असल्या भागांत मोजावा लागतो इतका छोटा त्याचा ठोका. हा अवरक्त प्रकाश कॉर्नियातून आरपार जातो आणि जिथे नेम धरलाय तिथेच सूक्ष्म बुडबुडा करतो. शेजारी शेजारी असे असंख्य बुडबुडे. पोस्टाच्या दोन तिकिटांमधली भोकं आठवतात? तसंच, ओढलं की सुटतं. याची गोष्टही अपघाताची आहे. १९९३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या एका संशोधक विद्यार्थ्याच्या डोळ्यात आरसे जुळवताना असा लेसर गेला. तपासणाऱ्या तरुण डॉक्टरांना, रॉन कर्ट्झ यांना, आत जखमेचे ठिपके दिसले ते कमालीचे रेखीव गोल, आजूबाजूला काही भाजलेलं नाही. असा कापतो कोण, म्हणून ते थेट त्या प्रयोगशाळेत पोचले. प्रयोगशाळा जेरार मुरू यांची. त्यांना आणि डोना स्ट्रिकलंड यांना २०१८ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच अतिलघु ठोक्यांच्या, पण प्रचंड ताकदीच्या लेसरची युक्ती काढल्याबद्दल. अलीकडे 'स्माइल' नावाची पद्धत आहे, तिच्यात पानही उचलत नाहीत. फेम्टोसेकंद लेसर आतल्या आत भिंगाच्या आकाराचा तुकडा सुटा करतो आणि छोट्याशा चिरेतून तो ओढून काढतात.

एवढं ज्ञान झाल्यावर मी म्हणजे अर्धी डॉक्टरच. आम्ही दोघी निघालो.

पहिल्या ठिकाणी एसी जोरात होता आणि कॉफी फुकट. काउन्सेलर ताई गोड होत्या. चष्मा मशीनवर ठेवून नंबर बघितला आणि म्हणाल्या, "मॅम, दोघींचं होऊन जाईल. रविवारपर्यंत ऑफर आहे, आज अॅडव्हान्स भरलात तर." मी म्हटलं, कॉर्नियाची जाडी? "ते सगळं ऑपरेशनच्या दिवशी चेक होतं." माझं कार्ड पाकिटातून अर्धं बाहेर आलेलं होतं, खोटं कशाला बोलू. रूमीने ते परत आत ढकललं. कुर्त्यांचा सेल असतो, ठीक आहे. पण डोळ्यांचा?

दुसऱ्या ठिकाणी कॉफी नव्हती. तिथल्या डॉक्टर बाईंनी आधी दोन आठवडे कॉन्टॅक्ट लेन्स बंद करायला लावल्या, कारण लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो आणि नकाशा खोटा येतो. मग तीन तास तपासण्या. एका यंत्राने जाडी मोजली, एकाने बाहुली अंधारात किती मोठी होते ते, एकाने हवामान खात्यासारखा रंगीत नकाशा काढला : निळं म्हणजे सपाट, लाल म्हणजे उंचवट्याचं. मग आम्हाला समोर बसवून त्यांनी कागदावर हिशोब मांडला. तो हिशोब तुम्हालाही सांगते, कारण सगळी गोम तिथेच आहे.

कॉर्नियाची मधली जाडी असते सुमारे अर्धा मिलिमीटर. रूमीची निघाली ५४८ मायक्रॉन. हा झाला सीटीसी. आता तुम्हाला माहितीच आहे, सीटीसी ऐकून पेढे वाटायचे नसतात. आधी कपाती. वरचं पान ११०. तळाला किमान ३०० शिल्लक ठेवायचे, कारण डोळ्याच्या आतला दाब रोज त्या भिंतीला बाहेर ढकलत असतो आणि भिंत पातळ झाली तर फुगते. म्हणजे इन-हँड उरले १३८. खर्च किती? डॉक्टरांनी एका नंबरला पंधरा मायक्रॉन धरले. चार नंबरचे साठ. रूमी मालामाल.

माझा सीटीसी ४९२. पान ११०, तळाचे ३००. इन-हँड ८२. आणि साडेसहा नंबरचा खर्च साडेसत्त्याण्णव. खात्यात साडेपंधरा मायक्रॉन कमी!

मी लगेच अप्रेझल मीटिंगच्या मूडमध्ये आले. म्हटलं, डॉक्टर, कोरायचं वर्तुळ जरा लहान ठेवा ना. त्या म्हणाल्या, ठेवते, पण रात्री बाहुली त्याच्याबाहेर मोठी झाली की दिव्यांभोवती वलयं दिसतील. आणि उलट मोठं करायचं तर खोली वर्गाच्या प्रमाणात वाढते : सहा मिलिमीटरऐवजी सात घेतलं तर छत्तीसच्या जागी एकोणपन्नास. म्हटलं, मग पान नकोच, पीआरके करा. ४९२ वजा साडेसत्त्याण्णव, जवळपास चारशे उरतात की!

"गणित चांगलं आहे तुमचं," त्या म्हणाल्या आणि नकाशा माझ्याकडे फिरवला. "पण हे बघा."

माझ्या डाव्या डोळ्याच्या नकाशात खालच्या अंगाला एक लालसर डाग होता. उजव्यात तसाच, फिका. रूमीचा नकाशा वरखाली सारखा, आरशातल्यासारखा. माझा खाली ओघळलेला. हळूहळू कॉर्निया शंकूसारखा पुढे येतो, असा एक आजार असतो, केराटोकोनस. मला तो आहे असं त्या म्हणाल्या नाहीत. कदाचित कधीच होणार नाही, म्हणाल्या. "पण जी भिंत मुळातच ओली वाटतेय, ती मी तासणार नाही. लेसरने एकदा काढलेलं परत लावता येत नाही. दुसरं कुणी करून देईल. मी नाही."

मी विचारलं, पहिल्या ठिकाणी अॅडव्हान्स भरला असता तर? त्यांनी उत्तर दिलं नाही. नकाशाची प्रत मात्र माझ्या हातात ठेवली. आणखी एक पर्याय सांगितला : कॉर्नियाला हात न लावता डोळ्याच्या आत बसवायची लेन्स. पण त्याचा विचारसुद्धा वर्षभर नकाशा बदलत नाही असं दिसल्यावर.

परतताना मी गाडी रूमीला चालवायला दिली. मागे बसून बरंच रडले. चष्म्याचा तेवढा एक फायदा, पाऊस आहे की काय ते कुणाला कळत नाही.

रूमीचं ऑपरेशन महिन्याभराने झालं. मी काचेबाहेर स्क्रीनवर बघत होते. थेंब टाकून डोळा बधिर केला, पापण्यांना चिमटा लावला. पहिल्या लेसरखाली एक कडं डोळ्यावर घट्ट बसलं. तेव्हा काही सेकंद सगळं अंधारलं, असं तिने नंतर सांगितलं. मग पलंग सरकला, डॉक्टरांनी पान अलगद उलटलं आणि टकटक टकटक असा आवाज सुरू झाला. डोळा जरा हलला तर? म्हणून यंत्र सेकंदाला शेकडो वेळा बाहुली कुठे आहे ते बघतं, लेसर तिच्यामागे सरकतो, फार हलली तर थांबतो. हिरव्या लुकलुकत्या ठिपक्याकडे बघत राहायचं, एवढंच पेशंटचं काम. अर्ध्या मिनिटाच्या आत एक डोळा झाला. पान परत मिटलं, टाके नाहीत. बाहेर आल्यावर ती पहिलं काय म्हणाली असेल? "केस जळाल्यासारखा वास येतो गं." येतो खरा. बंध तुटलेल्या रेणूंचा वास तो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिने मला हलवून उठवलं. मला वाटलं, झालं काहीतरी. चष्मा चाचपडत "काय झालं, काय झालं" म्हणेपर्यंत बाई छताकडे बोट दाखवून म्हणतात, "पंख्यावरची धूळ दिसतेय! या महिन्यात तुझी पाळी होती."

आता चार महिने झालेत. तिची दृष्टी झकास. रात्री हायवेला दिव्यांभोवती वलयं दिसायची, ती कमी झालीत. पान कापताना कॉर्नियातल्या बारीक नसाही कापल्या जातात, त्यामुळे डोळे कोरडे पडतात. त्यात आमच्या ऑफिसचा एसी. तिच्या कीबोर्डशेजारी कृत्रिम अश्रूंची बाटली कायम. आणि चाळिशीला चाळिशी लागणारच आहे, कारण ती आतल्या भिंगाची भानगड, कॉर्नियावर कितीही कोरलं तरी ती टळत नाही. त्यावर मी खूश आहे. मायनसवाल्यांना तेव्हा वाचायला नुसता चष्मा काढला तरी चालतं. तिला वेगळा घ्यावा लागेल. आणखी तेरा वर्षं वाट बघायची फक्त.

आईला सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बरं झालं त्या बाई तशा भेटल्या." बायोडेटात अजून 'चष्मा : आहे' असंच आहे. मी नवीन फ्रेम घेतली, जांभळी, जरा आगाऊच.

माझा पुढचा नकाशा जानेवारीत. तोवर डॉक्टरांचा एकच हुकूम : डोळे चोळायचे नाहीत. सतत चोळणं अशा कॉर्नियाला घातक. सोपं वाटतं ना? दुपारी चारला, एक्सेल शीट उघडी असताना, डोळे न चोळता बसून दाखवा. माझा हात आपोआप चष्म्याखाली जातो, आणि पलीकडच्या डेस्कवरून, सगळ्या फ्लोअरला ऐकू जाईल असा आवाज येतो :

"हात खाली! मला इथून दिसतंय!"